वाड्यातील हिशेब

१९९३ साल. दिल्लीतील सरकारी वसाहतींत दूरदर्शन संच ही तोवर नवलाईची वस्तू राहिलेली नव्हती. गच्च्यांवरील अँटेनांच्या जोडीला केबलच्या काळ्या तारा एका घराच्या सज्जावरून दुसऱ्या घराच्या सज्जावर जाऊ लागल्या होत्या. आधीच्या वर्षी 'झी' वाहिनी सुरू झाली होती. एका वाहिनीभोवती सारे शहर गोळा होण्याचे दिवस सरत आले होते. अशा वेळी दूरदर्शनवर धोतर नेसलेला, अंगरख्यावर शाल घेतलेला एक शांत तरुण दिसू लागला. त्याच्या हाती पिस्तूल नव्हते, तो धावत नव्हता, ओरडत नव्हता. समोरच्या माणसाचे बोलणे तो पुरते ऐकून घेई आणि मग एखादाच साधा प्रश्न विचारी. त्या प्रश्नाने समोरचा माणूस चाचरला, की घराघरांतील प्रेक्षक सावरून बसत.

या तरुणाचे नाव ब्योमकेश बक्षी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवरून बासू चॅटर्जी यांनी ही हिंदी मालिका दिग्दर्शित केली. रजित कपूर यांनी ब्योमकेशची, तर के. के. रैना यांनी त्याचा लेखक मित्र अजित याची भूमिका केली. आनंद शंकर यांचे संगीत कानी पडताच स्वयंपाकघरातील मंडळी हातातले काम टाकून बाहेर येत. ब्योमकेशची पत्नी सत्यवती हिच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी होत्या, ही गोष्ट दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष जिव्हाळ्याची वाटली असल्यास नवल नाही.

गुप्तहेरांच्या कथा भारतीय प्रेक्षकाला अपरिचित नव्हत्या. १९८५ मध्ये पंकज कपूर यांचा गाजर खाणारा 'करमचंद' येऊन गेला होता. मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'ने मराठी घरांना पोलीस तपासाची गोडी लावली होती. त्याच्या कितीतरी आधी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाड यांनी मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली होती. ब्योमकेशचे वेगळेपण असे, की तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे. त्या शब्दात त्याला काहीतरी हलके, चोरटे वाटे. त्याच्या दारावरील पितळी पाटीवर नावापुढे 'सत्यान्वेषी' असे लिहिलेले असे. सत्यान्वेषी म्हणजे सत्याचा शोध घेणारा.

ब्योमकेशच्या बहुतेक कथा कोलकात्यात घडतात. तेथील गल्ल्या, खाणावळी, भाड्याच्या खोल्या हेच त्याचे जग. परंतु अधूनमधून तो शहर सोडून बाहेर पडतो, एखाद्या जमीनदाराच्या वाड्यावर मुक्कामाला जातो आणि कथेचा रंगच पालटतो. 'रेत का दलदल' हा या मालिकेतील भाग अशांपैकी एक. मूळ कथेचे नाव 'चोराबालि'. वरून घट्ट दिसणारी, पण पाऊल ठेवताच माणसाला आत ओढून घेणारी वाळू म्हणजे चोराबालि. बंगाली भाषेने अशा वाळूला 'चोर' म्हटले आहे, आणि या कथेपुरते तरी ते विशेषण केवळ वाळूला लागू पडत नाही.

कथा अशी आहे. कुमार त्रिदिव नावाचे एक तरुण जमीनदार. त्यांचा हरवलेला हिरा ब्योमकेशने पूर्वी शोधून दिलेला असतो. त्या उपकाराची आठवण ठेवून ते ब्योमकेश आणि अजित यांना शिकारीच्या निमित्ताने आपल्या जमीनदारीत बोलावतात. शेजारची जमीनदारी हिमांशु राय यांची. हिमांशुबाबू मनाने उदार, बंदुकीचे शौकीन आणि कामकाजाच्या बाबतीत पूर्ण उदासीन आहेत. जमीनदारीचा सारा भार त्यांनी कालीगती नावाच्या दिवाणावर सोपवलेला आहे. हा दिवाण वयाने वडीलधारा, पूजाअर्चेत रमलेला, साऱ्या घराच्या विश्वासातला. हिमांशुबाबूंच्या लहान मुलीला शिकवण्यासाठी हरिनाथ नावाचा एक गरीब तरुण वाड्यावर ठेवलेला असतो. एका रात्री हा मास्तर नाहीसा होतो. त्याच्याबरोबर जमीनदारीच्या हिशेबाच्या वह्याही दिसेनाशा होतात. तिजोरीतील रोकडही कमी भरते. वाड्यातील मंडळी काय समजायचे ते समजतात. मास्तर चोर निघाला.

येथे ब्योमकेश एक साधा विचार करतो. पैसे चोरणारा पैसे नेईल. तो वह्या कशासाठी नेईल? वह्या बाजारात विकता येत नाहीत, त्यांनी पोट भरत नाही. ज्याला त्यांतील आकडे लपवायचे आहेत, अशा माणसालाच त्यांचे मोल. शिवाय, पळून जाणारा माणूस आपले नेहमीच्या गरजेचे सामान असे मागे टाकून जातो काय?

गुन्हेगार कोण हे आधीच सांगून टाकणे रहस्यकथेच्या शिष्टाचारात बसत नाही. तथापि ही कथा एवढी जुनी झाली आहे आणि तिचे खरे मर्म गुन्हेगाराच्या नावात एवढे कमी आहे, की येथे तो नियम मोडायला हरकत नसावी. वाड्याचा विश्वासू दिवाणच अनेक वर्षे जमीनदारी आतून पोखरत असतो. त्याचा घोटाळा मालकाच्या कधीच ध्यानात आला नसता. तो ध्यानात येतो बाहेरून आलेल्या, अल्प पगाराच्या, कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या मास्तरच्या. कारण त्या वाड्यात वह्या उघडून वाचणारा तोच एकटा निघतो. हिशेब पाहणे हे त्याचे कामही नव्हते. त्याला अंकांची आवड होती, एवढेच.

या कथेतील दिवाणाला एवढी सत्ता कोठून आली, हे समजण्यासाठी बंगालच्या इतिहासाकडे वळावे लागते. १७९३ मध्ये लॉर्ड कॉर्नवालिसने तेथे कायमधारा पद्धत लागू केली. जमीनदाराने सरकारला किती सारा द्यायचा हे कायमचे ठरवून टाकले. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी रक्कम सरकारी खजिन्यात जमा झाली नाही, तर जमीनदारी लिलावात निघे. लोक त्याला सूर्यास्ताचा कायदा म्हणत. अशा व्यवस्थेत जमीनदाराची खरी मालमत्ता शेतात नव्हती, वाड्यातही नव्हती. ती कागदांत होती. कोणत्या कुळाकडून किती वसूल आला, किती थकला, कर्ज कोणाचे, व्याज किती, भरणा केव्हा करायचा, हे सारे वह्यांत. वह्या ज्याच्या हाती, जमीनदारी त्याच्या हाती. लिलावात निघालेल्या कित्येक जमीनदाऱ्या जुन्या घराण्यांच्या दिवाणांनी आणि कारकुनांनीच विकत घेतल्या, असे त्या काळाचा इतिहास सांगतो. तेव्हा शरदिंदूंचा कालीगती हा केवळ कल्पनेतला खलपुरुष नाही.

इंग्रजी रहस्यकथांतही खेड्यातील मोठ्या घराचे महत्त्व फार. आर्थर कॉनन डॉइलच्या बास्करव्हिल घराण्याच्या कथेत माळरानावरचा वाडा आहे आणि त्याच्या जवळच माणसांना व घोड्यांना गिळणारी दलदलही आहे. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेली आगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी अशाच एका घरात घडते. लेखकाच्या दृष्टीने ही जागा सोयीची असते. माणसे मोजकी, बाहेरचा कोणी सहज आत येत नाही, म्हणजे अपराधी जेवणाच्या पंगतीतच बसलेला असणार. परंतु इंग्रजी कथांत नोकरमाणसे बहुधा चहा आणून ठेवण्यापुरतीच येतात. शरदिंदूंच्या वाड्यात दिवाण, कारकून, मास्तर हेच कथा चालवतात आणि मालक शिकारीला गेलेला असतो. हा फरक लहान नाही.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांचे नाव मराठी वाचकाने आपुलकीने घ्यावे, याला आणखी एक कारण आहे. त्यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे झाला. ब्योमकेशच्या पहिल्या कथा त्यांनी १९३२ च्या सुमारास लिहिल्या. पुढे १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहायला मुंबईस आले आणि सुमारे पंधरा वर्षे ब्योमकेश मागे पडला. चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन ते १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरकाळातील कित्येक कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. ज्या कोलकात्याचे वर्णन वाचून बंगाली वाचकांच्या डोळ्यांपुढे घरचा रस्ता उभा राही, ते कोलकाता लेखकाने पुण्याच्या कोरड्या हवेत बसून आठवलेले होते. महाराष्ट्राच्या मातीचेही त्यांनी ऋण ठेवले नाही. शिवाजी महाराजांच्या सैन्यात दाखल झालेल्या सदाशिव नावाच्या चुणचुणीत मुलाच्या कथा त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ब्योमकेशची एक कथा अर्धीच राहिली होती.

पुण्यात बसून लिहिणाऱ्या बंगाली लेखकाचे हे जग हिंदीत बोलू लागले आणि दिल्लीतून देशभर पोहोचले. भारतातील पहिले दूरदर्शन प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीतच झाले होते. परंतु जमीनदाराचा वाडा, त्याची वाटणी, त्यातून उद्भवलेला खून आणि त्याचा तपास या गोष्टी पाहण्यासाठी दिल्लीकराला बंगालकडे पाहण्याची गरज नव्हती. त्याच्या शहराच्या उत्तरेस, झाडीने भरलेल्या टेकाडावर, अशी एक गोष्ट प्रत्यक्ष घडून गेली होती. तिच्याशी एका मराठी घराण्याचे नावही जोडले गेले आहे.

दिल्लीच्या या टेकाडाला 'रिज' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते शहराच्या तटाबाहेर होते. तेथे विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने मोठा बंगला बांधला होता. पुढे तो दिल्लीत गव्हर्नर जनरलचा एजंट झाला. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी किशनगढच्या राजांची भेट घेऊन तो घोड्यावरून घरी परतत होता. बंगला जवळ आला असता एका स्वाराने त्याला गाठले, गोळी झाडली आणि अंधारात नाहीसा झाला.

या खुनाच्या मुळाशीही जहागिरीची वाटणीच होती. १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून लॉर्ड लेकने दिल्ली घेतली. त्या धामधुमीत इंग्रजांना साह्य केल्याबद्दल अहमदबक्ष खान यांना फिरोजपूर झिरका ही जहागीर मिळाली. आजच्या हरियाणातील नूह जिल्ह्यात, राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या हद्दीत हे गाव आहे. त्यांच्याकडे लोहारू ही दुसरी जहागीरही होती. त्यांनी फिरोजपूर थोरला मुलगा शम्सुद्दीन याला आणि लोहारू धाकट्या दोन सावत्र भावांना दिले. शम्सुद्दीनला दोन्ही हवे होते. फ्रेझरने धाकट्यांची बाजू घेतली आणि शम्सुद्दीनला आपल्या दारातून अपमानाने परत पाठवले, असे सांगतात.

तपासाची हकीकत ब्योमकेशच्या कोणत्याही कथेत शोभावी अशी आहे. जॉन लॉरेन्स हा तरुण अधिकारी त्या वेळी पानिपतला नेमणुकीवर होता. तोच पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला. खुनाची बातमी कळताच तो दिल्लीस आला. संशय फिरोजपूरच्या नवाबाकडे वळत होता. नवाबाच्या दिल्लीतील हवेलीत त्याचा करीम खान नावाचा माणूस उतरला होता. तेथे अंगणात एक घोडा बांधलेला होता. हा घोडा आजारी आहे, बरेच दिवस त्याला बाहेर काढलेले नाही, असे सांगण्यात आले. परंतु घोडा व्यवस्थित खात होता. त्याच्या खुरांवरील खिळ्यांच्या खुणांवरून नाल नुकतेच बदललेले असावेत, असे दिसत होते. त्याच अंगणात पाण्याच्या बादलीत कागदाचे काही तुकडे तरंगत होते. लॉरेन्सच्या चरित्रात पुढील गोष्ट नोंदलेली आहे. ते तुकडे जुळवले, औषधी द्रव्य लावून पुसट झालेली शाई उजळवली आणि ते नवाबाचे पत्र निघाले. त्यात कुत्रे विकत घेण्याचा तगादा लावलेला होता. कुत्रे हा सांकेतिक शब्द होता.

म्हणजे येथेही कागदच बोलला. पाण्यात टाकलेला, फाडलेला, शाई विरघळलेला कागद. पुढे एका विहिरीतून बंदूक हाती लागली. करीम खानाबरोबर असलेला एक मेवाती साथीदार खुनानंतर पायी फिरोजपूरला वर्दी द्यायला गेला होता. आता नवाबच आपला काटा काढणार, या भीतीने तो तेथून निसटला आणि माफीचा साक्षीदार झाला. आधी करीम खानाला आणि नंतर, ऑक्टोबर १८३५ मध्ये, नवाब शम्सुद्दीनला फाशी झाली. नवाबाला काश्मीरी दरवाज्याबाहेर लोकांसमोर फासावर चढवले.

दूरदर्शनवरील कथा येथेच संपली असती. खुनी सापडला, पुरावा जुळला, संगीत सुरू झाले. दिल्लीत मात्र तसे झाले नाही. शहरातील पुष्कळ लोकांनी नवाबासाठी अश्रू ढाळले. न्यायाधीशही इंग्रज, मेलेलाही इंग्रज, मग न्याय झाला हे ठरवायचे कोणी, असा प्रश्न गल्लोगल्ली होता. पुरावा खरा होता म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. सत्य शोधणारा कोण आहे आणि तो कोणाच्या वतीने शोधतो आहे, यावर ते सत्य लोकांना किती पटते हे अवलंबून राहते. ब्योमकेशला ही अडचण पडत नाही, कारण त्याच्यामागे सरकार नसते. सरकारी तपासनीस त्याच्या कथांत येतात, पण बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेण्यासाठी.

या प्रकरणात उर्दूतील थोर कवी मिर्झा गालिब यांच्यावरही लोकांचा रोष झाला. फ्रेझरशी त्यांची मैत्री होती आणि शम्सुद्दीन त्यांच्या पत्नीचा चुलतभाऊ. नवाबाविरुद्ध खबर गालिब यांनीच दिली, अशी कुजबुज दिल्लीत सुरू झाली. तिला एक जुने कारण होते. गालिब यांचे चुलते वारल्यावर त्यांच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतन फिरोजपूरच्या जहागिरीतून द्यायचे ठरले होते. मे १८०६ च्या आज्ञेत वर्षाला १०,००० रुपये लिहिलेले होते. जूनमध्ये निघालेल्या दुसऱ्या कागदात ते ५,००० झाले आणि गालिब यांच्या वाट्याला त्यातले ७५० आले. दुसरा कागद बनावट आहे, असे गालिब यांचे म्हणणे. तो खोटा ठरवण्यासाठी ते दिल्लीहून कोलकात्यापर्यंत गेले, कचेऱ्यांचे उंबरठे त्यांनी झिजवले आणि ते हरले. शब्दांवर एवढी हुकमत असलेला माणूस एका सरकारी कागदापुढे निरुपाय झाला. गालिब यांच्या जीवनावर गुलजार यांनी केलेली मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हा ब्योमकेशला अजून पाच वर्षे अवकाश होता.

फ्रेझरचा बंगला पुढे हिंदुराव घाटगे यांनी घेतला. हे कागलच्या घाटगे घराण्यातील, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दिल्लीच्या उच्चभ्रू वर्तुळात या मराठा सरदाराचा वावर असे. १८५५ मध्ये ते वारले. १८५७ च्या युद्धात त्यांच्या बंगल्याभोवती घनघोर लढाई झाली. आज त्या ठिकाणी हिंदुराव रुग्णालय आहे. बंगला बांधणाऱ्या फ्रेझरचे नाव विसरले गेले, कागलच्या हिंदुरावांचे मात्र बसच्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिले. तेथे येणाऱ्या रुग्णाला या टेकाडावर कोणाचा खून झाला आणि त्याचा शोध कसा लागला, हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

पुन्हा त्या वाळूकडे वळू. 'चोराबालि' लिहिली गेली तेव्हा बंगालमध्ये जमीनदारी चालू होती. पश्चिम बंगालने ती संपवण्याचा कायदा १९५३ मध्ये केला. दूरदर्शनवर ही मालिका दिसू लागली तेव्हा तसले वाडे पडझडीला लागून पुष्कळ काळ लोटला होता, आणि कायमधारा पद्धतीला नेमकी दोनशे वर्षे झाली होती. मग दिल्लीच्या दोन खोल्यांच्या घरात बसलेल्या कारकुनाला, परिचारिकेला, शाळामास्तरला त्या वाड्यातील भानगडीत एवढे गुंतून जाण्यासारखे काय वाटले असेल?

उत्तर कदाचित असे असेल. त्या खोल्यांतील पुष्कळ माणसे रोज दुसऱ्याच्या वह्या लिहीत होती, फाइली लावत होती, बेरजा तपासत होती. एखाद्या ओळीत काहीतरी चुकते आहे हे कारकुनाला साहेबाच्या आधी कळते. ते बोलून दाखवायचे की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो. हरिनाथ मास्तर कोण होता, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. वाड्याच्या मालकाला फसवणूक होते आहे याचा पत्ता नाही, फसवणाऱ्याला सगळे ठाऊक आहे, आणि मध्ये एक तिसरा माणूस, ज्याने ते पान वाचले आहे. भूत, वाघ, अमावास्या, तांत्रिक हा कथेतील सारा साज पाहण्याजोगा आहे. पण भीती खरी वाटते ती मास्तरच्या रिकाम्या खोलीची.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हिमांशुबाबूंना लिहितावाचता येत नव्हते असे नाही. ते शिकलेले होते. त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत, कारण उघडण्याची त्यांना कधी गरज भासली नाही. ज्याला सारे आयते मिळते, त्याला आपल्या घराचा हिशेब न वाचताही जगता येते, निदान काही वर्षे. हरिनाथच्या वाचण्यात मात्र धोका होता. गरीब माणसाने वाचावे, पण काय वाचले ते बोलू नये, अशी त्या वाड्याची रीत होती. ती त्याला कळली नाही, किंवा कळूनही त्याने पाळली नाही. कथेत त्याला स्वतःची बाजू मांडायला जागा मिळत नाही. तो येतो तो दुसऱ्यांच्या बोलण्यातून. कोणी म्हणते चोर होता, कोणी म्हणते भोळा होता. ब्योमकेश जे करतो ते एवढेच, की मेलेल्या माणसावरील चोरीचा आळ तो पुसून टाकतो. न्यायालय नाही, शिक्षेचा हुकूम नाही. ज्या वाळवंटाचा दिवाणाने शस्त्रासारखा वापर केला, त्याच वाळवंटात त्याचाही शेवट होतो.

मार्च २०२० च्या अखेरीस साथीमुळे देशभर टाळेबंदी लागली. दिल्लीचे रस्ते ओस पडले आणि दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या. त्यांत ब्योमकेशही होता. त्याच वर्षी ४ जून रोजी बासू चॅटर्जी यांचे मुंबईत निधन झाले. पहिल्या वेळी मुले असलेले प्रेक्षक आता स्वतः आईबाप झाले होते. खुनी कोण हे त्यांना ठाऊक होते, वह्या कोणी नाहीशा केल्या हेही ठाऊक होते. तरी घरातल्या लहानांना त्यांनी ते सांगितले नसेल, अशी आशा आहे.

हिमांशुबाबूंची जमीनदारी वाचते. त्यांच्या लहान मुलीला शिकवायला नंतर कोण आले, हे मात्र कथा सांगत नाही.